आत्याच्या अक्षरातली पत्रं

व्हर्लीनने एकसष्टाव्या पाकिटावर पत्ता लिहायला घेतला आणि तिचा हात थांबला. यादीत तिचंच नाव होतं, तिचंच घर.

यादी भाच्याने आणली होती. टाव्हिस जुनी घरं घ्यायचा, डागडुजी करून विकायचा. मेम्फिसमध्ये हल्ली या धंद्यात इतके जण उतरले होते की त्यांची छापील कार्डं लोक न वाचताच कचऱ्यात टाकत. हाताने लिहिलेलं पत्र मात्र माणूस उघडतो, आणि खर्च काय तो तिकिटाचा. म्हणून सरकारी दप्तरातून तीस वर्षं एकाच मालकाकडे असलेली घरं शोधायची आणि आत्याच्या वळणदार अक्षरात ‘घर विकता का?’ अशी पत्रं धाडायची, असा त्याचा बेत. आत्याचं नाव गाळायचं मात्र साहेबांच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

या महिन्यात एकही घर हाती लागलं नाही, तर त्याला पुन्हा गोदामातल्या नोकरीवर जावं लागणार होतं. तिनेच वाढवलेलं पोर. त्याचं उतरलेलं तोंड तिला बघवत नव्हतं.

तिने स्वतःच्या नावाचं पत्र लिहून पुरं केलं आणि समोर तिकिटं चिकटवत बसलेल्या टाव्हिसपुढे सरकवलं. नाव वाचून तो हसायला लागला. ती हसली नाही.

“माझे गुडघे आता जिना चढू देत नाहीत,” ती म्हणाली. “मी धाकट्या बहिणीकडे नॅशव्हिलला जाते. हे घर तू घे.”

टाव्हिस बराच वेळ ताटलीतले मक्याच्या पावाचे कण बोटाने टिपत राहिला.

“मला नको देऊस, आत्या. दलालाकडून विकलंस तर कितीतरी जास्त येतील. मी कमीतच घेतो. नाहीतर मला काय सुटणार?”

व्हर्लीनला त्याची फार माया आली. मग तिने लिहून झालेली साठ पाकिटं जवळ ओढली. त्यांवरच्या नावांतल्या कितीतरी जणी दर रविवारी चर्चमध्ये तिच्याच बाकावर बसत.

“आणि यांना हे कोण सांगणार?”

टाव्हिस उठला, पिवळ्या कागदांची नवी वही आणून पूर्वी ती त्याच्यापुढे ठेवायची तशी तिच्यापुढे ठेवली. लहानपणी त्याचा अभ्यास ती असाच घ्यायची.

“लिही. दलालाकडे जास्त मिळतील, पण डागडुजी करा, वाट बघा. माझ्याकडे कमी, पण आहे तसं घेईन, आठवड्याच्या आत.”

“गिऱ्हाईक जाईल हो, बाळा.”

“जाईल,” टाव्हिस म्हणाला, आणि तिकीट फाटणार नाही अशा बेताने त्याने पहिलं पाकीट उघडायला घेतलं.