मिसरच्या राणीचा डबा

“आली मिसरची राणी. माझ्या भावाला खाल्लंस, आता शेत खाणार हायस काय गो?” असं म्हणून हैबतीने भावजय ठकूबाईच्या पाठीत काठी घातली.

ती वाकली, पण तिने मला सोडलं नाही. मी तिच्या हातातला पत्र्याचा डबा. माझ्या पोटात तिच्या चुलीतले निखारे होते. शिवी माझ्यावरच्या चित्रावरून होती, म्हणून मीच बोलतो.

पोर्टसैदच्या बंदरात मी बिस्किटांनी भरलेला होतो. अंगावर मिसरची, म्हणजे इजिप्तची, राणी क्लिओपात्रा, डोळे काजळाने भरलेले. महाडचा खलाशी झकेरिया याने मला घरी नेलं. बिस्किटं संपली, तशी त्याच्या बायकोने, महरुन्निसाने, मला लाकडं विकायला आलेल्या ठकूबाईला दिलं. ठकूबाई वरंधच्या वरच्या वाडीतली.

ही बया कोण, तिने विचारलं. झकेरिया म्हणाला, नखरेल राणी, भल्याभल्यांना नादी लावून बुडवलंन. ठकूबाई तेवढ्यावर गप्प बसणारी नव्हे. खोदून विचारलं, तेव्हा निघालं की सख्ख्या भावाच्या माणसांनी तिला गादीवरून हाकललं होतं. ती फौज घेऊन परत आली, भाऊ नदीत बुडाला, तिने राज्य केलं. शेवटी रोमवाल्यांनी हरवलं, तर त्यांच्या मिरवणुकीत बांधून जाण्यापेक्षा तिने जीव दिला.

“मग नखरेल कोण म्हणतं तिला?”

“जिंकले ते.”

“ते काय देवी म्हणतील?”

हे सगळं ठकूबाईने पाणवठ्यावर तोऱ्यात सांगितलं. तिथेच चुकली. बाईचं राज्य माणसं विसरतात, बिछाना विसरत नाहीत. तिचा नवरा कुशाबा तापाने गेला आणि शिमग्याला दीर हैबतीने होळीपुढे ‘मिसरची राणी’ म्हणून तिच्या नावाने बोंब मारली.

कुळकायदा नवा होता, कसेल त्याच्या नावावर जमीन लागत होती. भाताच्या रोपासाठी शेण, टहाळ, गवत रचून जमीन भाजतात, तो राब. राब ज्याने पेटवला, त्याचं शेत, असं वाडी धरायची आणि तलाठ्याला तेच सांगायची. म्हणून ती निखारे घेऊन निघाली होती, आणि म्हणून तो काठी घेऊन उभा होता.

दुसरी काठी डोक्यात बसली. रक्त डोळ्यांत उतरलं. तिने झाकण उपटून मूठभर निखारे त्याच्या मनगटावर उधळले. तो ओरडला, काठी पडली. उरलेले तिने राबावर ओतले. हैबतीने मला हिसकून तिच्या तोंडावर हाणलं. माझी कड तिच्या गालात घुसली, दात पडला, मी जाळात गेलो. राणीचा रंग फोड येऊन उडाला. आज मी ठकूबाईच्या चुलीपाशी राख धरून आहे. मला पुन्हा रंगवू नका, एवढंच मागणं.

वाडी बांधावर जमली होती. सोडवायला कोणी आलं नाही, पण राब कोणी पेटवला ते सगळ्यांनी पाहिलं. हैबतीने ओली फांदी तोडली आणि जाळ झोडपायला धावला. ठकूबाई त्याच्या आणि जाळाच्या मध्ये उभी राहिली, तोंडातलं रक्त थुंकली आणि हळूच बोलली. ते ऐकून फांदी खाली गेली.

“भावजी, राब माझ्या हातानं पेटलाय, इझवायचा आसंल तर आधी मला ह्यात ढकला.”