धुक्यातले दोन भोंगे

मी रेजिना बोलतेय. पूर्ण नाव 'रेजिना दी पोनेंते', म्हणजे पश्चिमेची राणी. पण एवढं लांबलचक नाव कंपनीच्या साहेबांनीच काय ते घेतलं. जेनोआपासून न्यूयॉर्कपर्यंत बाकी सगळ्यांची मी नुसती रेजिना. सध्या ला स्पेत्सियाच्या धक्क्याला बांधलेली आहे. रंग उडालाय, खुर्च्या-पलंग कधीच कुणी उचलून नेलेत, आणि थोड्याच दिवसांत मला कापणारे लोक येणार आहेत. पण घाबरू नका, रडगाणं ऐकवायला बोलावलं नाही तुम्हाला. माझ्या पोटात एक गंमत आहे, आणि ती तशीच घेऊन भंगारात जायची माझी तयारी नाही.

माझा जन्म जेनोआजवळच्या सेस्त्रीच्या गोदीतला. युद्ध नुकतंच संपलेलं, लोखंड मिळायची मारामार. मला उभी करणारी माणसं शिव्या आणि गाणी एकाच दमात म्हणायची, त्यामुळे माझ्या पत्र्यात दोन्ही मुरलंय. पाण्यात सोडायच्या दिवशी माझ्या नाकाडावर दारूची बाटली आपटली, तर ती फुटेचना! बायका कुजबुजल्या, "अपशकुन गं बाई!" तेवढ्यात गोदीतला एक म्हातारा ओरडला, "अपशकुन कसला? वाया घालवू नका म्हणतेय पोरगी. द्या ती बाटली इकडे!" सगळी गोदी खो खो हसली आणि मी हसण्याच्या आवाजातच समुद्रात उतरले.

मग सुरू झाल्या फेऱ्या. माणसं काय एकेक नग! जाताना सुतळीनं बांधलेल्या पेट्या, आणि कोटाच्या अस्तरात लपवलेलं सलामीचं सॉसेज. पहिल्या दिवशी सगळे रडायचे, दुसऱ्या दिवशी सगळे ओकायचे, तिसऱ्या दिवशी पत्त्यांवरून भांडायचे. आणि न्यूयॉर्क दिसू लागलं की तीच माणसं गळ्यात गळे घालून म्हणायची, "इतक्यात आलं?"

माझे निम्मे खलाशी रोक्कामारे गावचे. जेनोआच्या अलीकडे, डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये कसंबसं अंग चोरून बसलेलं गाव. त्याच्यासमोरून जाताना मी तीन लांब भोंगे द्यायचे. हा आमचा जुना रिवाज. भोंगे ऐकले की बायका खिडक्यांतून पांढऱ्या चादरी हलवायच्या आणि चुलीवर पास्त्याचं आधण ठेवायच्या. नवरा संध्याकाळी घरी येणार, हे त्यांना तेवढ्यावरून कळायचं.

माझं सुकाणूचं चाक धरायचा तो जेरोलामो याच गावचा. काय हात होता त्याचा! दुसऱ्या कुणी चाक धरलं की मी मुद्दाम थोडी वाकडी चालायचे. रात्रंदिवस माझ्याशी बोलायचा. मला वाटायचं, हा माझाच. पण गावात बेनेदेत्ता होती. फोकाच्चा, म्हणजे आमच्याकडचा चपटा पाव, भाजणाऱ्या प्रोस्पेरोची मुलगी, जिभेची तिखट आणि हसायला लागली की अख्खी गल्ली ऐकेल अशी.

एका वसंतात निघायच्या आधी तिनं त्याला धक्क्यावरच गाठलं.

"हे बघ, समुद्राशी लग्न झालेला नवरा मला नको. किनाऱ्यावर राहणार असशील, तर बाबा भट्टीवर शिकवतील. नाहीतर तो कस्टमवाला कारकून रोज दोनदा पाव न्यायला येतोय."

"दोनदा? एवढा पाव खातो?"

"विषय बदलू नकोस. परत येशील तेव्हा दोनच भोंगे वाजवून घे, मी समजेन तू माझा. नेहमीसारखे तीन वाजले, तर मी समजेन तू तिचा." असं म्हणून तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "त्या सवतीचा!"

सवत! मी एवढी मोठी, इतक्या मजल्यांची, आणि ही पोरगी मला सवत म्हणते! पण खरं सांगू? मला आवडलं ते.

कप्तान ओलिवारी तिथंच उभा होता. तोही त्याच गावचा, आणि भोंग्याची दोरी त्याच्याच हातात. म्हणाला, "दोन की तीन, ते तू ठरव, मी वाजवतो. आता चाक धर."

सबंध प्रवासभर जेरोलामो 'दोन, तीन' पुटपुटत राहिला. न्यूयॉर्कला दोन ठरले. जिब्राल्टरला तीन. नेपल्सला पुन्हा दोन. आणि रोक्कामारे जवळ आलं, तसा माझ्या चाकावर हात फिरवत म्हणाला, "रेजिना, तीनच गं. मला नाही जमायचं पीठ मळायला. तुला सोडून राहवणार नाही." माझा तर आनंद पोटात मावेना. बॉयलर नुसते खदखदत होते!

पण वसंतात आमच्या किनाऱ्यावर कालिगो उतरतं. कालिगो म्हणजे समुद्राचं धुकं. बघता बघता ते असं दाटलं की माझं मलाच नाक दिसेना. समोरून कोळ्यांची आरडाओरड ऐकू आली. त्यांच्या होड्या नेमक्या माझ्या वाटेत. कप्तानानं मला जागच्या जागी थांबवलं. आता धुक्याचा कायदा असा, की बोट चालत असेल तर थोड्या थोड्या वेळानं एक लांब भोंगा, आणि थांबलेली असेल तर दोन.

कप्तानानं दोरी ओढली. एक. दोन.

जेरोलामो चाकावरूनच ओरडला, "कप्तान! दोन नको!"

"मग काय चार वाजवू? बोट उभी आहे."

"अहो, पण गाव समोर आहे!"

"म्हणून होड्या चिरडू?" आणि त्यानं पुन्हा ओढली. एक. दोन.

आणि मग धुक्याच्या पलीकडे चर्चची घंटा दणादणा वाजायला लागली. कुणी डबे बडवतंय, कुणी शिट्ट्या मारतंय, लग्नघरासारखा गलका. खालून एक कोळी ओरडला, "जेरोलामो, लेका! पीठ मळायला शिक आता!"

हळूहळू धुकं विरलं. होड्या बाजूला झाल्या. किनाऱ्यावर एकूण एक खिडकीत चादर. कप्तानानं दोरी हातात धरली आणि जेरोलामोकडे पाहिलं.

"आता रिवाजाचे तीन द्यायची वेळ झाली. दिले, की गाव समजेल मघाचे दोन धुक्याचे होते. बोल, देऊ?"

जेरोलामो त्या खिडक्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "राहू द्या, साहेब. नका देऊ."

त्या एकाच दिवशी मी रोक्कामारेसमोरून मुकाट्यानं गेले. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण चाकावरचा त्याचा हात त्या दिवशी इतका हलका होता, की मलाही रुसून बसता आलं नाही.

लग्न झालं. जेरोलामोची पहिली फोकाच्चा म्हणे होडीला नांगर म्हणून चालली असती. पुढं हात बसला. मी समोरून गेले, की तो पिठानं माखलेला एप्रन घालून गच्चीवर यायचा आणि मी माझे तीन भोंगे द्यायचे. माझी मात्र खात्री, की हे लग्न मीच लावलं! येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना किती वेळा ऐकवलं असेल!

पुढं विमानं आली. माणसांना घाई झाली. माझी जेवणघरं रिकामी पडली, आणि एक दिवस कंपनीनं सांगितलं, आता पुरे. जेनोआहून इथवरच्या शेवटच्या फेरीला नव्या कप्तानानं जेरोलामो-बेनेदेत्ताला मुद्दाम बोलावलं. जेरोलामोनं चाक धरलं. तोच हात! रोक्कामारे आलं, तेव्हा कप्तानानं विचारलं, "किती देऊ?"

"तीन," जेरोलामो म्हणाला.

बेनेदेत्ता हसली. "त्या दिवशीही तीनच द्यायचे होते ना तुला?"

"तुला... तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? कालिगोत दोन म्हणजे बोट थांबलीय, हे रोक्कामारेच्या पाळण्यातल्या पोरालासुद्धा कळतं! मी दोन ऐकले आणि धावत पाद्रीबाबांकडे गेले. म्हटलं, वाजवा घंटा, धुकं विरायच्या आत! ते म्हणाले, 'अगं, हे तर धुक्याचे.' मी म्हटलं, 'तुम्ही घंटा वाजवा, धुक्याचं मी बघते.'"

"आणि तुझे बाबा?"

"डबे कोण बडवत होतं मग?"

"म्हणजे अख्खं गाव..." जेरोलामोला हसावं की चिडावं कळेना. "आणि नंतर मी तीन द्यायला लावले असते तर?"

बेनेदेत्ताचा आवाज थोडा खाली आला. "खिडकीत उभी राहून तेच ऐकत होते, जीव मुठीत धरून. तू दिले नाहीस."

तिनं पुढं होऊन दोरी स्वतःच्या हातात घेतली. एक ओढला. दुसरा ओढला. मग माझ्या लाकडी कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि हा तुझा गं, सवती. तुझा माणूस पळवला मी. राग धरू नकोस." आणि तिसरा असा लांबच लांब ओढला, की डोंगरानं तो परत पाठवला तरी ती दोरी सोडेना.

तर अशी मी, लग्न लावल्याच्या तोऱ्यात मिरवणारी, गावानं वेड्यात काढलेली राणी! आता पत्रा कुठंही जाऊ दे. भोंगा मात्र रोक्कामारेला जाणार आहे, त्यांच्या भट्टीच्या छपरावर. फोकाच्चा तयार झाली की दोन वाजवायचे, असं ठरलंय. कधी गेलात, तर गरम गरम खा. पण दोन वाजल्यावर लगेच आत शिरू नका. जरा थांबा, तिसरा वाजतो का ऐका. तो माझा.