पडद्यामागचं काळीज

"आत्या, आधी तेल लावायचं. यंत्र आणि कातडी यांच्यात हवा राहिली, की आवाज आत जातच नाही, उलटा फिरतो."

भाच्याचं हे सांगणं गोदावरीबाईंच्या कानात होतं, आणि समोर किहीमच्या देवळापुढे नादानंद महाराज गर्दीच्या छात्यांवर कोरडं भस्म थापत होते. वर सदऱ्यावरूनच यंत्राची मूठ टेकवत होते. आसनाला लागून ठेवलेली पेटी गुणगुणली, की माणसं हात जोडत.

"हा काळजाचा सूक्ष्म नाद," महाराज सांगत. "विलायतेतले डॉक्टर आत्ता शोधतायत, आपल्या ऋषींनी तो कधीच ऐकला होता."

भाचा दत्तात्रेय मुंबईच्या इस्पितळात डॉक्टर. बकऱ्याचं काळीज पाण्याच्या टाकीत ठेवून त्यातून माणसाला ऐकूच न येणारा आवाज सोडायचा, आणि तो निरोगी स्नायूतून कसा जातो, डाग पडून घट्ट झालेल्या स्नायूतून कसा, हे मोजायचं, असं त्याचं काम चाललं होतं. "माणसांवर अजून नाही, आत्या. कुमुदला रेवसहून सुटणाऱ्या सोमवारच्या लाँचनं आण. आमचे मोठे डॉक्टर छातीला नळी लावून तपासतील."

"आणीन," गोदावरीबाईंनी शब्द दिला होता. सून कुमुदला अंगण ओलांडताना धाप लागे. संध्याकाळी पाय सुजत.

पण महाराजांनी आधीच कुमुदचं निदान केलं होतं. बायकांसाठी पडदा असे. आत बसून मूठ आपणच छातीला लावायची आणि महाराजांनी बाहेरून सांगायचं. "काळीज कडक झालंय. खाडी ओलांडलीस तर नाद तुटेल. पौर्णिमेपर्यंत भस्म लाव." कुमुदचा नवरा महादेव मान डोलावून मोकळा झाला.

"अरे, दत्तू म्हणतो तो आवाज कानाला ऐकू येत नाही," गोदावरीबाईंनी त्याला सांगून पाहिलं. "हा तर आळीभर ऐकू येतोय."

"आई, तू एवढे उपास करतेस आणि महाराजांवर संशय घेतेस?"

"उपास मी शंकराचा धरते. पेटीचा नाही."

तो रविवार होता. गोदावरीबाई शंकराला वाहायचा नारळ घेऊन पडद्याआड गेल्या. मूठ त्यांनी त्या नारळावर टेकवली. पेटी गुणगुणली.

"माउली," बाहेरून आवाज आला, "काळीज थकलंय तुमचं. यजमान गेल्याचं दुःख उजव्या बाजूला साठलंय. पाणी ओलांडू नका."

"महाराज, पाणी याच्या पोटातच आहे." त्यांनी पडदा सारून नारळ पुढे धरला.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"पेटी गुणगुणते तेव्हा तुमचा अंगठा हलतो. आता पाय जरा वर घ्या बघू," त्या मऊ आवाजातच म्हणाल्या. महाराज पाय घेईनात, तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या महादेवनंच पुढे होऊन त्यांना उठवलं आणि आसन उचललं. खाली बॅटरी, वाटी काढल्यानं नुसती गुणगुणणारी विजेची घंटा, आणि पायाच्या अंगठ्यानं दाबायचं बटण. पेटी उघडली, तर मुठीची तार आत कशालाच जोडलेली नव्हती.

एवढ्यानं गोष्ट संपायला हवी होती. पण शेजारची सोनाबाई म्हणाली, "काकू, नारळ बी शंकराचाच न्हाय का? आनि माजी छाती हलकी झाली ती?"

"डोळे मिटून स्वस्थ बसलीस, म्हणून."

"ते बी त्यांनीच बसवलं ना?"

गोदावरीबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, देवाला मी रोज हात जोडते, म्हणूनच त्याच्या नावानं कुणी काही सांगितलं तर ते तपासायची जबाबदारी माझ्यावर जास्त आहे. काळजातलं सांगतो म्हणणाऱ्याला आधी नारळ द्या. आणि धाप लागत असेल तर डॉक्टर गाठा. एवढं कळायला शिकलेलं असावं लागत नाही."

काहींनी माना हलवल्या. काही जण महाराजांनी भस्म तरी ठेवून जावं म्हणून थांबले.

घरी महादेव म्हणाला, "लबाड निघाला, कबूल. पण पाणी ओलांडायचं... पौर्णिमेपर्यंत थांबून काय बिघडतं?"

"तिचा श्वास बिघडतो."

तो ओसरीवर जाऊन बसला. हो म्हणाला नाही.

सोमवारी उजाडताना गोदावरीबाईंनी पिंडीवर बेल वाहिला, उपासाची केळी पिशवीत टाकली आणि बैलगाडी बोलावली. ओसरीवर बसलेल्या महादेवच्या हातात कालचा नारळ ठेवला.

"हा जप. महाराजांनी तपासलेला आहे."

मग कुमुदचा हात धरून त्या पायरी उतरल्या. "सावकाश. घाई नाही," असं म्हणत तिला गाडीत बसवलं, आणि गाडीवानाला हळूच सांगितलं, "रेवसला."