सितुंबेकोचं म्हणणं

मुलाचे नाव.
म्वांगाला. वय तेरा. दुसऱ्या कागदावर सितुंबेको, वय सात. माझा भाऊ.

आईवडील.
बाबा आधीच गेले, आई गेल्या महिन्यात. बालकल्याण कचेरीच्या नालिशेबो बाईंनी 'नाहीत' असं लिहिलं आणि पेन झटकलं. शाई नीट येत नव्हती.

मूल सध्या कोठे राहते.
आईच्या घरात, मी आणि तो. हे चालणार नाही, असं सगळ्यांचं आधीच ठरलं होतं. त्याबद्दल मला कोणी विचारणार नव्हतं.

मूल कोठे राहू शकेल.
मोंगू शहरात, नासिलेले मावशीकडे. तिला जुळी झालीत, हाताखाली मुलगी हवी आहे. पण ती म्हणाली, दोघंही या, पीठ मूठभर जास्त टाकीन. किंवा नदीपलीकडे मुयुंडा मामाकडे. त्याला गुरांमागे मुलगा हवा. मुली त्याला तीन आहेत. चौथी कशाला, असं तो माझ्यासमोरच म्हणाला. रागाने नाही.

सगळे चटईवर बसले होते. मोठ्यांसमोर बोलण्याआधी वाजवतात तशा मी गुडघे टेकून हलक्या टाळ्या वाजवल्या. मामा बाईंना म्हणाला, "पोरांना विचारणार? मग उद्या वासरांनाही विचारा, कुठल्या गोठ्यात बांधू तुम्हाला."
सगळे हसले. बाईही थोड्या हसल्या. मग म्हणाल्या, कायदा आहे, विचारावं लागतं, आणि तेही एकेकट्याला.

हे कागदावर नाही: तीन दिवस मी सितुंबेकोकडून पाठ करून घेत होते. ताई जिथं, तिथं मी. बरोबर म्हटलं की एक शेंगदाणा. तिसऱ्या दिवशी तो शेंगदाणा आधीच मागायला लागला.

मुलाचे स्वतःचे म्हणणे.
दोघं एकत्र. मावशीकडे.
बाईंनी वाचून दाखवलं. बरोबर होतं.

मुलाचे स्वतःचे म्हणणे.
हा त्याचा कागद. त्याला त्यांनी कणगीमागे नेलं. मी मावशीचं एक जुळं मांडीवर घेऊन बसले. कुठलं ते विचारलं नाही.
परत आल्यावर बाई माझ्याजवळ बसल्या आणि तिथं काय झालं ते सांगितलं. आधी त्याने पाठ केलेलं म्हटलं, न अडखळता. मग त्यांनी विचारलं, हे तुझं की ताईचं? तो हसला. ताईचं, म्हणाला. त्याला मामाकडे जायचंय. मामाची होडी आहे. मामा वल्हं हातात देणार आहे.

"तो सात वर्षांचा आहे," मी म्हणाले.
"हो."
"मी मोठी आहे. माझं जास्त धरा."
बाई म्हणाल्या, "वयावर धरायचं ठरवलं, तर मामाचं सगळ्यात जास्त धरावं लागेल, बाळ."

मग त्यांनी सांगितलं, मामाच्या गावात शाळा आहे, तासभर चालत. गुरं शाळेनंतर, असं त्याच्याकडून लिहून घेतलंय. दर तीन महिन्यांनी त्या स्वतः जाऊन बघतील. मी मान हलवत होते. पुढचं थोडं ऐकलं नाही.

रडू येईल असं वाटलं होतं. मावशीने मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला बुहोबे वाढला, वर सुक्या माशाचं कालवण. मी हाताने गोळा वळला, बुडवला, खाल्ला. चव लागली नाही असंही नाही. मीठ कमी होतं. दुसऱ्यांदा घेतलं.

निर्णय.
दोन कागद, दोन ठिकाणं. मामाने टाळ्या वाजवून मान्य केलं. आता तो चेष्टा करत नव्हता. सितुंबेको दोन्ही हात ताणून होडी केवढी आहे ते दाखवत होता. हात पुरले नाहीत, म्हणून चालत जाऊन दाखवली.

आणखी काही.
ही जागा बहुतेक कोरीच राहते, बाई म्हणाल्या.
मी विचारलं, माझ्या कागदावर आहे ती त्याच्यासाठी वापरली तर चालेल का. त्यांनी त्याचाच कागद वर घेतला. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या.
तो अजून झोपेत अंथरूण ओलं करतो. तेव्हा ओरडू नये. पहाटे एकदा उठवावं. उठताना तो मला हाक मारेल, तेव्हा हो म्हणावं, म्हणजे बाहेर चालायला लागतो.