बहिऱ्या उंदराची रेघ

आमच्या संस्थेत दर वर्षी उंदरांचं श्राद्ध होतं. प्रयोगात जीव गेलेल्या जनावरांसाठी मागच्या अंगणात एक दगड उभा केलाय. बौद्ध देवळातले भिक्षू, ओशोसान, येऊन मंत्र म्हणतात, घंटा वाजवतात आणि आम्ही काळे कपडे घालून ओळीनं वाकतो. यंदा मात्र माझा सहकारी नुकागा आणि मी वर प्रयोगशाळेतच होतो. भूल दिलेला उंदीर टाकून खाली जाणार कसं?

शिवाय तो शेवटचा उंदीर होता. आमचे प्रमुख, कुरेबायाशी सेन्सेई, सकाळीच सांगून गेले होते, "इशिदोसान, आज रेघ हलली नाही तर पापुद्र्याचं काम बंद. नुकागासानांनाही त्यांच्या कंपनीत परत पाठवू."

पापुद्रा नुकागाचा, उंदीर माझा. उंदराच्या जनुकांतली एक कडी मी तोडलेली, त्यामुळे तो जन्मतःच ठार बहिरा. नुकागा पूर्वी फोनचे पडदे बनवायचा. त्यानं केसाहून पातळ असा पापुद्रा बनवून उंदराच्या कानात बसवला होता. आवाज आला की पापुद्रा थरथरतो, इवलीशी वीज सोडतो आणि ती कानाच्या नसेला पोचते. मेंदूपर्यंत काही पोचलं, तर समोरच्या पडद्यावरची रेघ उसळते. निदान आमचं तरी तसं म्हणणं होतं. रेघ सकाळपासून आडवी पडून होती.

"तुझ्या उंदरातच दम नाही," नुकागा म्हणाला.

"आणि तुझा पापुद्रा म्हणजे ओलसर झालेली नोरी, समुद्री शेवाळाचा कागद! भातावर गुंडाळ आणि खा!"

माझं डोकं तापलं की मी अशीच बोलते. त्याला सवय आहे. त्यानं उंदीर ठेवलेल्या आवाजबंद पेटीचं दार उघडलं आणि त्याला आवाज ऐकवणाऱ्या कर्ण्याची तार बघायला आत डोकं घातलं. खिडकी आधीपासूनच उघडी होती, त्याच्या डब्यातल्या माशाच्या वासामुळे.

रेघ उसळली.

"तार हलवू नकोस रे!"

"हात तरी लावलाय का मी?" त्यानं डोकं बाहेर काढून विचारलं.

थोड्या वेळानं पुन्हा उसळली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. खालून घंटेचा घुमणारा आवाज येत होता. तो विरला तशी रेघ आडवी झाली. पुढचा ठोका पडला आणि रेघ पुन्हा ताडकन उठली.

"नुकागा, घंटा! अरे, घंटा!"

जिना मी कसा उतरले, देव जाणे. अंगणात सगळे माना खाली घालून उभे होते. मी ओळ मोडून थेट ओशोसानांपुढे गेले.

"ओशोसान, घंटा द्या!"

"अहो बाई, मंत्र अर्ध्यावर आहे."

"वर एक जिवंत उंदीर ती ऐकतोय!"

कुरेबायाशी सेन्सेईंचा चेहरा लालबुंद झाला. "इशिदोसान, काही लाजबीज?"

"आज नाही, सेन्सेई. तुम्हीही वर चला."

ओशोसानांनी वाडग्यासारखी ती घंटा खालच्या उशीसकट उचलून छातीशी धरली. "ही एकटी कुठे जात नाही. मी येतो. इतकी वर्षं वाजवतोय, पण ऐकल्याचं कुणी कळवलं नव्हतं."

वर आल्यावर त्यांनी ठोका दिला. रेघ उसळली. नुकागानं तिथल्या तिथे उडी मारली. सेन्सेई मात्र ढिम्म.

"घंटेनं तार थरथरली असेल. पापुद्र्याची जोडणी काढा. मग रेघ हलली, तर हे सगळं झूठ."

म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला त्यांचा राग आला. नुकागानं जोडणी काढली. ठोका पडला.

रेघ आडवी.

"जोडा."

ठोका. रेघ उसळली! मी नुकागाच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला.

"पण मग सकाळपासून का नाही?" सेन्सेईंनी विचारलं.

नुकागानं कपाळावर हात मारला. "उंदराला बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येतात, म्हणून आम्ही तसलेच ऐकवत होतो. पण ऐकणारा पापुद्रा! तो माझ्याकडून जरा सैल झालाय, सेन्सेई. त्याला खालची पट्टीच कळते."

"घंटेची पट्टी," मी म्हणाले. "म्हणजे माणसाच्या बोलण्याचीही!"

सेन्सेई म्हणाले, "मग त्याच्या कानाशी बोला ना कुणीतरी."

आयुष्यभर फटकळ म्हणून नाव कमावलेल्या मला एक शब्द सुचेना. नुकागा नुसता नाक ओढत होता. सेन्सेईंनी काळ्या कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. खाली दगडापुढे वाचायचं भाषण होतं ते. ते उंदराशी वाकले आणि वाचू लागले.

"आमच्या आजाऱ्यांसाठी तुम्ही जीव दिलेत. न विचारता आम्ही तो घेतला..."

शब्दागणिक रेघ उसळत होती. "आम्हाला क्षमा..." म्हणता म्हणता त्यांची नजर पडद्यावर गेली आणि ते वाचायचे थांबले.

नुकागानं बाहीनं डोळे पुसले.

"थांबू नका, सेन्सेई. तो ऐकतोय."