खिडकीतले पोपट

आई पुन्हा लग्न करणार म्हटल्यावर मला आनंदच झाला होता. बाबांना जाऊन सात वर्षं झाली होती आणि मी काही तिला आयुष्यभर पुरणार नव्हते. धास्ती होती ती फक्त नवरदेवाच्या घराची.

नवरदेव चौसष्ट वर्षांचे. जुनं लाकडी सामान दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा आणि राहतं घर हेच त्यांचं वेड. उंच खिडक्या, वर रंगीत काचा, पितळी कड्या. भिंती खरवडून सगळ्यात खालचा रंग शोधून काढला आणि तोच पुन्हा लावला. विजेची बटणंसुद्धा काळी, गोल, कट्ट वाजणारी. तुम्ही काहीही सुचवा, हे म्हणणार, "त्या काळात असं नव्हतं हो." मनातल्या मनात मी त्यांचं नाव त्याकाळीकाका ठेवलं होतं.

आणि आमची आई? भीड भिकेची बहीण म्हणतात. ती बहीण आमच्याकडे राहायला आली ती परत गेलीच नाही. बाबा वाईट नव्हते, पण घरात मत एकच असायचं आणि ते त्यांचं. आई "चांगलंय" म्हणायची. सोफा चांगलाय, सहल चांगली झाली, दवाखान्यातलं पाणचट सूपसुद्धा चांगलंय. तिला मनापासून काय आवडतं हे मला, तिच्या पोटच्या पोरीला, धड ठाऊक नव्हतं. आता या दुसऱ्या घरात तरी तिने पाहुणीसारखं राहू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

म्हणून पडद्यांचं कापड घ्यायला मीही गेले. न बोलावता, भांडायच्या तयारीने.

दुकानात काकांनी गडद हिरव्याचा तागा उलगडायला लावला, मग लालसर तपकिरी मखमल. मखमल इतकी जड की दुकानातल्या बाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली. नाकापेक्षा मोती जड, मी म्हटलं. काका हसले आणि अस्तराची चौकशी करू लागले. तेवढ्यात मला आई दिसली. कोपऱ्यात एक पिवळंधमक सुती कापड होतं, त्यावर वीतभर पोपट. ती त्यावरून हात फिरवत होती.

"हे आवडलं तुला?" मी विचारलं.

"छे गं, उगीच बघतेय." तिने हात काढून घेतला. "ते हिरवं चांगलंय."

काकांनी पोपटांकडे मान वळवली. "त्या काळात असं भडक छापील कापड कुठलं," ते म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी पुढे बाईंना सांगितलं, "तिन्हींतलं एकेका खिडकीपुरतं द्या. कापड दुकानात निवडायचं नसतं, घरी लावून बघायचं. प्रत्येकाला एक अख्खा दिवस."

लग्नाआधीची आवराआवर म्हणून आम्ही दोघी रोज तिथे जातच होतो. पहिल्या दिवशी हिरवं लागलं. आई म्हणाली, चांगलंय. दुसऱ्या दिवशी मखमल. हेही चांगलंय. काका दिवसभर खुर्चीचा एक पाय घासत बसले होते. एकदाही त्यांनी तिला विचारलं नाही, की बाई, तुझं मत काय. मी दोन दिवस मूग गिळून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी पोपट टांगून ते चहा करायला आत आले, तेव्हा स्वयंपाकघरात त्यांना गाठलंच.

"काका, तिला विचारा तरी! घर तिचंही होणार आहे ना?"

"विचारून काय उपयोग? ती सगळ्यालाच चांगलं म्हणते." त्यांनी कपात चहा ओतला. "म्हणून मी बघतो. हिरवं लावलं तेव्हा ती खिडकीकडे पाठ करून बसली. मखमल लावली तेव्हा कप घेऊन आत निघून गेली. आता चल, आजचं बघू."

इतक्या वर्षांत आई कप घेऊन कुठे बसते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आम्ही बाहेर आलो आणि आईचं हसणं ऐकू आलं. साधंसुधं नाही, पोट धरून. "अहो, उलटे लावलेत तुम्ही! पोपट आहेत की वटवाघळं?"

खरंच, सगळे पोपट खाली डोकं, वर पाय. नक्षीच्या कापडाला वरची बाजू असते हे त्या साध्या कापडांच्या भक्ताला माहीतच नव्हतं. काका कानापर्यंत लाल झाले, शिडीवर चढले आणि कापड फिरवून पुन्हा अडकवलं. त्यातून ऊन आलं आणि सगळी खोली पिवळी झाली. आईने खुर्ची ओढली, थेट खिडकीसमोर नेली आणि पाय वर घेऊन बसली. चहा तिने स्वतःच मागितला.

काका तिच्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही. "ठरलं तर," ते म्हणाले. "सगळ्या खिडक्यांना हेच."

"नको," आई म्हणाली.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं.

"अजिबात नको. चारी बाजूंनी पोपट, पक्ष्यांचं दुकान काढायचंय का? इथे हिरवंच शोभतं. पोपट आपल्या झोपायच्या खोलीत. आणि हे असं गुडघ्यापर्यंत नाही, चांगलं जमिनीला टेकलं पाहिजे."

"जमिनीला टेकलं की धूळ बसते," काका म्हणाले. त्यांचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा फुलला होता.

"बसू दे. झटकायला हात आहेत तुम्हाला."

"बरं, चार बोटं वर."

"दोन. त्याच्या वर एक सूतही नाही!"

माझे डोळे भरून आले, आणि ते मी लपवलेही नाहीत, लपवायचे कुणापासून? काका टेप घेऊन जमिनीवर बसले होते, आई वरून बोट दाखवून त्यांची चूक काढत होती, आणि दोघांनाही खोलीत तिसरं कुणी आहे याचं भान नव्हतं. मी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि हळूच दार ओढून घेतलं. रस्त्यावर आले तरी आईचा आवाज ऐकू येत होता.