आधी पत्रा, मग तारा

"थांब, थांब, थांब! अगं, थांब म्हटलं ना!"

"थांबलेच आहे कधीची! ओरडता कशाला? मी गाडीत आहे, परगावी नाही."

हे शिडीवर उभे, गाडीच्या टपाला पोट टेकवून. मी आत, मागच्या सीटवर, डोक्यावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून. आमच्या संसारातलं निम्मं बोलणं असंच झालेलं आहे. मधे पत्रा आणि दोन्हीकडून आरडाओरडा.

ही आमची कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरची एक खोलीच. मागची सीट उलगडली की पलंग होतो, दाराशी छोटी शेगडी, खिडक्यांना मी शिवलेले पडदे. आणि वर हे सरकतं छप्पर. हँडल फिरवलं की टपाचा अर्धा पत्रा मागे सरकतो आणि आभाळ दिसतं. दिसावं अशी अपेक्षा असते, असं म्हणू या. गाडी घेतली तेव्हाच ती जुनी होती आणि हे छप्पर तेव्हापासूनच आडमुठं. कधी उघडायचं नाही, कधी उघडलं की मिटायचं नाही. एकदा घाटात धो धो पाऊस लागला आणि हे आपलं सताड उघडं! मी आणि आमची टिटवी मागे छत्री उघडून बसलो, आणि हे गाडी चालवता चालवता विचारतात, "भिजलात का गं?" मी म्हटलं, "नाही हो, आंघोळ करतोय." टिटवी इतकी हसली की तिच्या हातून छत्री सुटली आणि होतो नव्हतो तेवढे सगळे भिजलो.

टिटवी म्हणजे आमची लेक. लहानपणी तिच्या तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती, तेव्हा ह्यांनीच ते नाव ठेवलं. सीटवर उभी राहून छपरातून डोकं बाहेर काढायची आणि रस्त्यातल्या गायीगुरांनासुद्धा हाका मारायची. आता ती मोठी झाली, हापिसात माणसं तिला मॅडम म्हणतात. ह्यांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा तीच म्हणाली, गाडी मी नेते. विकू नका.

गाडी चालवणं का सोडलं, तर डोळ्यांमुळे. असं आम्ही सगळ्यांना सांगतो. डोळ्यांना काही झालेलं नाही. रोजच्या भाजीवाल्याकडे निघालेले हे एक दिवस गाडी घेऊन गावाच्या भलत्याच टोकाला जाऊन उभे राहिले आणि मला फोन करून विचारलं, "अगं, आपण कुठे जायचं होतं?" त्या दिवसापासून आमच्याकडे डोळे अधू झाले. डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की हे विषय बदलतात, आणि खरं सांगायचं तर मीही बदलू देते.

तर आम्ही जेवत असताना टिटवीचा फोन आला, ह्यांनी तो स्पीकरवर टाकला. "बाबा, रविवारी गाडी न्यायला येते. पण ते छप्पर मी कायमचं बंद करून घेणार आहे. एक वर्कशॉपवाला आहे, तो वरून अखंड पत्रा मारून देतो. गळायला नको नि अडकायला नको."

ह्यांचा घास हातातच राहिला.

"मी दुरुस्त करून देतो," हे म्हणाले.

"बाबा, आजवर किती वेळा केलंत!"

"मग अजून एकदा. रविवारी उघडून बघ. नाही उघडलं तर खुशाल पत्रा मार."

फोन ठेवल्यावर मला म्हणतात, "छप्पर बंद केलं तर तिची पोरं डोकं कुठून काढणार?" तिला अजून पोरंबाळं नाहीत. पण मी ते बोलले नाही. ह्यांचा चेहराच असा झाला होता की मला कसंतरी झालं.

ह्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. जन्मभर दुकानादुकानांतून हिंडून लोकांचे काटे सरळ केले. त्यामुळे दोन बाजू सारख्या नसल्या की ह्यांना चैन पडत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर कललेलं असलं तरी जेवता जेवता उठतील. आणि हे छप्पर म्हणजे सगळा दोन बाजूंचाच मामला. पत्र्याच्या दोन्ही कडांना एकेक पीळदार तार, दोन्ही तारा मधल्या एका दातेरी चाकात अडकवलेल्या. चाक हँडलने फिरतं. एक तार जराशी पुढे गेली की पत्रा तिरका होतो आणि रुतून बसतो. म्हणून ह्यांचा क्रम ठरलेला. आधी पत्रा कडेला नीट टेकवायचा, मग दोन्ही तारा सारख्या करायच्या आणि अगदी शेवटी चाक. आधी पत्रा, मग तारा, मग चाक. मला तर हे झोपेतसुद्धा म्हणता येईल.

शनिवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. चारी कोपऱ्यांना पाणी वाहून जायच्या बारीक नळ्या असतात, त्या ह्यांनी सायकलच्या ब्रेकची तार घालून साफ केल्या. केवढा पालापाचोळा निघाला! हात असे चालत होते की मला वाटलं, उगाच घाबरते मी, ह्यांना काही झालेलं नाही.

मग हे गाडीत आले आणि त्यांनी सरळ चाक बसवायला घेतलं.

मी बॅटरीचा उजेड धरून शेजारी. आधी चाक? मनात म्हटलं, असेल काही नवीन युक्ती. ह्यांच्या कामात मी नाक खुपसत नाही. बाकी सगळ्यात खुपसते, पण कामात नाही. चाक घट्ट करून हे शिडीवर चढले, पत्रा टेकवला, म्हणाले, "फिरव." मी फिरवलं. कर्रकन आवाज आला आणि पत्रा तिरका रुतला. तेव्हाच ते थांब-थांब सुरू झालं.

मी फटीतून वर पाहिलं. हे त्या पत्र्याकडे नुसते बघत होते. राग आला असता तर बरं वाटलं असतं, ह्यांच्या रागाची मला सवय आहे. पण हे अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत होते.

"कुठल्या बाजूला फिरवलंस गं?" हळूच विचारलं.

"अगंबाई!" मी म्हटलं. "उलटं फिरवलं वाटतं मी."

काय जीव आला हो त्या माणसात! "उलटं? इतकी वर्षं हँडल फिरवतेयस आणि अजून सुलट-उलट कळत नाही? लक्ष कुठे असतं तुझं?"

"चुकलं."

मी चुकलं म्हटलं! ह्या घरात हा शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. एरवी असं कुणी बोललं असतं तर मी बिनपाण्याने केली असती. पण हे तोंडसुख घेत होते आणि मला ऐकायला बरं वाटत होतं.

सगळं पुन्हा सोडवलं. पुन्हा ह्यांचा हात चाकाकडे गेला तशी मी म्हटलं, "अहो, मला नीट सांगा तरी. म्हणजे परत घोळ नको. सगळ्यात आधी काय?"

"आधी पत्रा," हे चटकन म्हणाले. हात थांबला. "मग तारा. मग चाक." आणि चाक सीटवर ठेवून मुकाट्याने शिडीकडे गेले.

संध्याकाळी छप्पर उघडलं. लोण्यासारखं मागे गेलं. मी चहा केला आणि आम्ही दोघं गाडीतच बसून प्यायलो, उघड्या छपराखाली. हे कप हातात धरून त्या चाकाकडेच बघत होते. दमले असतील म्हटलं.

रविवारी टिटवी आली. आल्या आल्या गाडीत शिरली, हँडल फिरवलं आणि छपरातून डोकं बाहेर काढून असा काही हैदोस घातला की शेजारचे गॅलरीत आले. "बाबा! कमाल केलीत! नाही मारत पत्रा, रद्द!" मग खाली येऊन म्हणाली, "पण पुन्हा अडकलं तर? मला एकदा सगळं करून दाखवा ना. पहिल्यापासून."

"दाखवतो की," हे म्हणाले. हँडल काढलं, चाक सोडवलं, बाहेर येऊन शिडीवर चढले. पत्र्यावर हात ठेवला.

"तर आधी..." म्हणाले आणि गप्प झाले.

टिटवी मान वर करून हसतमुखाने वाट बघत होती. मी काहीतरी बोलणार, एखादी थट्टा करणार, तेवढ्यात ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश खाली उतरले.

"आईला विचार," हे टिटवीला म्हणाले. "काल हात माझे होते. दुरुस्ती हिने केली."

"अहो, काहीतरीच काय? मी तर हँडल उलटं..."

"तू उलटं फिरवलं नव्हतंस," हे म्हणाले. रागाने नाही, अगदी नेहमीच्या आवाजात. "तू कधीच उलटं फिरवलेलं नाहीस."

टिटवी एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. जन्मात पहिल्यांदा गप्प बसली असेल.

"चढ," हे मला म्हणाले. "दाखव तिला."

मी आजवर त्या शिडीवर कधी चढले नव्हते. साडीचा पदर खोचला आणि चढले. वर वारा होता. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पत्र्याकडे बघून तसंच राहू दिलं.

"आधी पत्रा," मी म्हटलं, आणि आवाज नीट निघाला.

खाली ह्यांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती.